नवरा झोपला, तू जागी राहिलीस

"ताई, मी ३३ वर्षांची. माहेर वसईच्या कोळीवाड्यातलं, कॅथलिक. सासर मालवणात, घर हिंदू. लग्न रजिस्टर. देवावरचा विश्वास कॉलेजात असतानाच उडाला. त्यानंतर चर्चमध्ये गेले ती फक्त कुणाच्या लग्नाला नाहीतर मयताला. गेल्या महिन्यात नवऱ्याबरोबर नेटफ्लिक्सवर 'मिडनाईट मास' बघायला घेतली. पाचवा भाग संपला आणि मी टीव्ही बंद केला. रात्री तीनला जाग आली तेव्हा अंग घामाने भिजलेलं, आणि मी क्रुसाची खूण करून 'नमो मारिया' म्हणत होते. ट्रंकेच्या तळातून पहिल्या कम्युनियनची (चर्चमध्ये ख्रिस्ताचं शरीर म्हणून पहिल्यांदा प्रसाद घेतला, तेव्हाची) रोझरी, म्हणजे जपमाळ, शोधली आणि उशीखाली ठेवली, तेव्हा कुठे झोप लागली. नवरा म्हणतो, भुताचीच तर मालिका आहे, एवढं काय. सासूबाई म्हणाल्या, 'तुका भायरचा कायतरी लागला गो,' आणि मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली. त्यात ईस्टरला आई बोलावते आहे. 'वर्षातून एकदा तरी सगळ्यांबरोबर कम्युनियन घे,' म्हणते. इतकी वर्षं मी स्वतःशीच खोटं बोलत होते का? माझा विश्वास गेलाच नव्हता का? आणि उरलेले दोन भाग बघू की नको?"
– अर्ध्या वाटेवरची, मालवण

अगं पोरी,

तुझं पत्र आलं त्या आठवड्यात मी ती मालिका पाहिली. सातही भाग. न बघता तुला काही सांगणं मला बरोबर वाटेना. (ज्यांना ती बघायची आहे त्यांनी हे पत्र नंतर वाचावं, कारण कथेतलं थोडंफार सांगावं लागणार आहे.)

आधी तुझ्या नवऱ्याविषयी. तो झोपला आणि तू जागी राहिलीस यात तुझा भित्रेपणा नाही आणि त्याचा कोरडेपणाही नाही. तुम्ही दोघं एकाच सोफ्यावर बसून दोन वेगळ्या मालिका बघत होता. त्याला दिसला एक पंखवाला, रक्त पिणारा प्राणी. तसल्या गोष्टी आपल्या कोकणात लहानपणापासून कानावर असतात. झोटिंग, देवचार, मुंजा. आपण त्यांना घाबरतो आणि दुसऱ्या दिवशी विसरतो. तुला मात्र दिसला तो वेदीवरचा कम्युनियनचा प्याला. त्या प्याल्यात फादर त्या प्राण्याचं रक्त मिसळतोय हे कळलं, आणि रांगेतली माणसं एकेक करून पुढे येऊन तो ओठाला लावताहेत हे दिसलं, तेव्हा तुझ्या पोटात जे तुटलं ते त्याच्या पोटात तुटणं शक्यच नव्हतं. त्याने कधी त्या रांगेत उभं राहून जीभ पुढे केलेली नाही. तू केली आहेस, सात-आठ वर्षांची असताना, पांढरा फ्रॉक घालून. तासभर आधी काही खायचं नाही, प्रसाद दातांखाली चावायचा नाही, असं आईने बजावलंही असेल. तुझ्या बालपणातली सगळ्यात स्वच्छ, सगळ्यात जपलेली गोष्ट त्या मालिकेने घेतली आणि तिच्यात विष कालवून दाखवलं.

ही मालिका २०२१ च्या सप्टेंबरात आली. ती करणारा माईक फ्लॅनगन स्वतः कॅथलिक घरात वाढला, लहानपणी चर्चमध्ये फादरला मदत करणारा वेदीसेवक होता. म्हणून तिच्यातले तपशील इतके अचूक बसले आहेत. सात भागांना बायबलमधल्या पुस्तकांची नावं आहेत, उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत. सव्वाशे वस्तीचं मासेमारांचं बेट, तेलगळतीने बसलेला धंदा, गावात उरलेलं एक चर्च. वसईच्या कोळीवाड्यातल्या मुलीला हे परकं वाटेल कसं? पहिल्याच भागात तुरुंगातून परत आलेला रायली आईवडिलांबरोबर मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, जातो. कम्युनियनच्या वेळी सगळं बाक उठतं, आणि हा एकटा बसून राहतो. बाकीचे त्याच्या गुडघ्यांना वळसा घालून पुढे जातात. तिथे मी मालिका थांबवली आणि तुझं पत्र पुन्हा काढून वाचलं. तू पत्रात या प्रसंगाचं नाव काढलेलं नाहीस. पण मला वाटतं तुझी धडधड पाचव्या भागात सुरू झाली नाही, ती तिथे सुरू झाली. त्या बाकावर तू बसून आलेली आहेस.

आता तुझा मोठा प्रश्न, खोटं बोलत होतीस का.

मी तुझ्या धर्मातली नाही. वेंगुर्ल्याकडची, गावकरांच्या घरातली. माझे वडील गावाच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालायचे. आज मी ना नवस बोलते ना कौल लावते. पंचवीस वर्षं झाली, माझा त्यावर विश्वास नाही, आणि हे मी घरात सगळ्यांना सांगितलेलं आहे. पण गेल्या वर्षी पुतण्याच्या लग्नात चुलतभावाने नारळ हातात घेऊन गाऱ्हाणं सुरू केलं आणि प्रत्येक वाक्यागणिक मांडवातून "व्हय म्हाराजा" उठू लागलं, तेव्हा तिसऱ्या की चौथ्या वेळी मला माझाच आवाज ऐकू आला. मीही म्हणत होते. मोठ्याने. वडिलांचा आवाज कानात होता, त्यांचा धोतराचा सोगा डोळ्यांपुढे होता, आणि तोंड आपोआप उघडलं होतं. आमच्या वाडीच्या वळणावर देवचाराची जागा आहे, तिथे मी आजही स्कूटर सावकाश करते. रात्री तर करतेच करते.

ठेच लागली की आपण "आई गं" म्हणतो. आईला जाऊन वीस वर्षं झालेली असली तरी म्हणतो. ती येईल असं वाटून कुणी म्हणत नाही. दुखलं की तोंडाला तोच शब्द सापडतो, कारण बोलायला शिकताना तोच आधी शिकलेला असतो. रात्री तीन वाजता तुझ्या तोंडाला 'नमो मारिया' सापडलं. आणि बघ, मालिका इंग्रजीत होती, प्रार्थना मराठीत आली. फादर थॉमस स्टीफन्सचं ओव्यांमधलं ख्रिस्तपुराण १६१६ साली छापलं गेलं, म्हणजे चारशे वर्षं या किनाऱ्यावर येशू-मारिया मराठीत ऐकले जाताहेत. ते तुझ्या आजीच्या, पणजीच्या तोंडून तुझ्या कानात आलंय. विश्वास गेला म्हणून ते सगळं धुऊन जाईल अशी अपेक्षा तू स्वतःकडून ठेवलीस, आणि ती पुरी झाली नाही म्हणून स्वतःला खोटारडी ठरवतेस. मला ते मान्य नाही.

पण "तुझा विश्वास नक्की गेलेला आहे, निश्चिंत रहा" असं प्रशस्तिपत्रकही मी देणार नाही. ते मला माहीत नाही. मला वाटतं तुलाही माहीत नाही, कारण विशीत असताना तू एकदा उत्तर दिलंस आणि त्यानंतर तो प्रश्न पुन्हा काढलाच नाहीस. काढ. पण रात्री तीनला नको, सकाळी चहा घेऊन ओट्यावर बसशील तेव्हा काढ. आणि कुणी सांगितलं की घाबरलीस म्हणजेच देव मानतेस, तर ऐकू नकोस. मालिकेतल्या फादरचा घोटाळा तिथेच झाला. अंधारात भयंकर काहीतरी समोर आलं, अंग थरथरलं, आणि त्याने ठरवून टाकलं की हा देवदूतच. देवदूताला बघून माणसं घाबरतात असं बायबलमध्ये आहे, हा त्याचा आधार. ते खरंही आहे. पण लूकच्या शुभवर्तमानात जखऱ्याला, मारियेला, मेंढपाळांना भेटणारा देवदूत काय म्हणतो ते तू धर्मशिक्षणाच्या वर्गात पाठ केलं असशील. भिऊ नको. आणि चर्चच्या शिकवणीत देवदूत म्हणजे शुद्ध आत्मा, त्याला शरीरच नसतं, मग रक्त कुठलं प्यायचं? तो प्राणी कथेतला आहे. तुझा विश्वास असो वा नसो, त्याला तुझ्या मनातल्या चर्चमध्ये जागा द्यायचं कारण नाही.

तुला अपमान झाल्यासारखंही वाटलं असेल. विश्वास नाही, तरी अपमान वाटला, म्हणून आणखी गोंधळ. २०१६ मध्ये 'रात्रीस खेळ चाले' सुरू झाली तेव्हा आमच्या सिंधुदुर्गात कितीतरी लोक चिडले होते, कोकण म्हणजे नुसती भुताटकी असं दाखवता म्हणून. चिडणाऱ्यांत माझ्यासारखे काही न मानणारेही होते. आपण सोडलेल्या घराची भिंत दुसऱ्याने रंगवली तरी आत काहीतरी हलतं. त्याला मी माया म्हणेन. माया असणं आणि श्रद्धा असणं यांची गल्लत करू नकोस, आणि माया आहे म्हणून लाजूही नकोस.

सासूबाईंना दृष्ट काढू दे. त्यांना सुनेचा चेहरा उतरलेला दिसला आणि त्यांच्या हाताशी जे होतं ते त्यांनी केलं. आणि मीठ काही तुमच्याकडेही परकं नाही, चर्चच्या जुन्या रीतीत पवित्र पाणी करताना आशीर्वादित मीठ घालत असत. पण उद्या दृष्टीवरून गोष्ट कुणा मांत्रिकापर्यंत गेली, तर तिथे ठाम नाही म्हण, आणि नवऱ्याला तुझ्या बाजूने उभं कर. आईने माहेरी "कुणीतरी हात ठेवून सैतान काढणारे" सुचवले तरी तेच. चर्चचा नियम याबाबतीत मालिकांपेक्षा खूप कडक आहे. भूत उतरवण्याचा विधी बिशपच्या स्पष्ट परवानगीशिवाय कुठल्याही फादरला करता येत नाही. १६१४ पासून चालत आलेला तो विधी १९९९ मध्ये सुधारला गेला, आणि आजाराला भूतबाधा समजू नका अशी ताकीद त्यात आहे. म्हणजे चर्चसुद्धा आधी डॉक्टरकडेच पाठवेल. तुला दोन-तीन आठवडे असंच झोपमोडीचं चाललं, छातीत धडधडत राहिलं, तर डॉक्टरला दाखव, किंवा १४४१६ या टेली-मानसच्या, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या, नंबरवर फोन कर. तो फुकट आहे.

आता आई. खरं सांगते, तुझ्या पत्रात मला सगळ्यात अवघड हेच वाटलं.

"वर्षातून एकदा तरी" हे आईने मनचं काढलेलं नाही. चर्चच्या १२१५ सालच्या लॅटरन परिषदेपासून प्रत्येक कॅथलिकाने वर्षातून एकदा, ईस्टरच्या सुमारास, कम्युनियन घ्यावं असा नियम आहे. तिच्या दृष्टीने तू एवढं केलंस तर धागा तुटत नाही. पण त्याच चर्चच्या नियमाने, परवानगी न घेता फक्त रजिस्टर लग्न केलेल्या कॅथलिकाला कम्युनियन घेता येत नाही. हे आईला ठाऊक नसेल असं मला वाटत नाही. ठाऊक असूनही ती आग्रह करते, यावरून तिची तगमग ओळख. आणि तुला एक सोपी पळवाट यातून मिळेल: "आई, नियमातच बसत नाही, मी काय करू?" ती घेऊ नकोस. नियम खरा आहे, पण तुझं कारण तो नाही. आईला कारण हवं असेल तर तुझं दे.

कम्युनियन घेऊ नकोस, हा माझा सल्ला. फादर "ख्रिस्ताचं शरीर" म्हणतील आणि तुला "आमेन" म्हणावं लागेल. आमेन म्हणजे सही. आईला खूश करायला तू ती सही केलीस तर तिच्या सगळ्यात मोलाच्या गोष्टीवर तू तिला फसवशील, आणि ती घरी येऊन तुला आवडतात तशी बोंबलाची भजी तळेल, आणि तो घास तुझ्या घशाखाली उतरणार नाही. मला हे कळतं, कारण वडील आजारी असताना त्यांच्या समाधानासाठी मी एक नवस बोलले होते, मनात काही नसताना. ते बरे झाले, आणि मी कबूल केलंय म्हणून तेच दोन वर्षं आनंदाने तो नवस फेडत राहिले. त्यांना खरं सांगायचं राहूनच गेलं.

तिला आधी सांग. चर्चच्या दारात नको, आदल्या रात्रीही नको. या आठवड्यातच फोन कर, दुपारी, म्हावरं विकून ती घरी आल्यावर टेकलेली असेल तेव्हा. लांबण लावू नकोस. "आई, मी येते. ईस्टरच्या आदल्या रात्री जागरणाच्या मिस्साला तुझ्या शेजारी बसते. कम्युनियन घेणार नाही, कारण माझा त्यावर विश्वास राहिलेला नाही, आणि तुझ्या देवासमोर मला नाटक करायचं नाही." एवढंच. 'तुझ्या देवासमोर' हे शब्द गाळू नकोस. ती रडेल. कदाचित फोन ठेवेल. तू संध्याकाळी पुन्हा कर.

मग ती म्हणेल, लोक काय म्हणतील. कोळीवाड्यात रांग सगळ्यांना दिसते, बाकावर उरलेलं माणूसही दिसतं, हे खरंच आहे. पण त्याच्याखाली दुसरी भीती असणार, आणि ती बहुधा ती बोलणार नाही. मी गेल्यावर माझ्यासाठी मिस्सा कोण सांगणार? २ नोव्हेंबरला माझ्या कबरीवर मेणबत्ती कोण लावणार? ज्यांची मुलं चर्च सोडून गेली आहेत त्या आयांच्या मनात हे असतंच. आमच्याकडे पिंडाला कोण बसणार म्हणून म्हातारी माणसं झुरतात, तसंच. याचं उत्तर तुला प्रामाणिकपणे देता येतं. "तुझी मिस्सा मी सांगेन, आणि तुझ्या कबरीवर दर २ नोव्हेंबरला मी असेन." यात कुठेही खोटं नाही. हे तू तिच्यासाठी करशील, देव असो नसो. ती न विचारता तूच सांग.

जागरणाच्या मिस्सात बाप्तिस्म्याची वचनं पुन्हा घेतात, तुला आठवत असेल. सैतानाचा त्याग करता का, देवावर श्रद्धा ठेवता का, असं फादर विचारतात आणि सगळं चर्च उत्तर देतं. तिथे तुला गप्प राहावंसं वाटलं तर गप्प रहा. आणि तोंडातून "होय" निघून गेलंच, माझ्या "व्हय म्हाराजा"सारखं, तर त्या रात्री त्याचा हिशेब मांडत बसू नकोस. गाणी पाठ असतील ती म्हण. आई रांगेत जाईल तेव्हा तू गुडघे बाजूला घेऊन तिला वाट दे, आणि परत येईल तेव्हा तिची जागा धरून ठेव.

उरलेले दोन भाग? बघ, पण आत्ता नाही. सहाव्या भागात कथा ईस्टरच्या त्याच जागरणाच्या रात्री येऊन पोचते. ते डोक्यात घेऊन तू वसईला जाऊ नकोस, नाहीतर खऱ्या प्याल्याकडे बघताना तुला पडद्यावरचा दिसेल. आधी खरं जागरण होऊ दे. मालवणला परत आलीस की एखाद्या रविवारी, जेवणं झाल्यावर, भर दुपारी, खिडक्या उघड्या ठेवून, नवऱ्याबरोबर बघ. आणि बघताना त्याला सांगत जा, काय चाललंय, कशाचा काय अर्थ, लहानपणी तू तिथे उभी असायचीस तेव्हा काय वाटायचं. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी हे तू त्याला कधी सांगितलं नसशील, असा माझा अंदाज आहे. त्याने "भुताचीच तर मालिका" म्हटलं कारण त्याला दुसरं काही कुणी दाखवलंच नाही. शेवट कसा आहे ते मी सांगत नाही. मला तो रायलीच्या आईमुळे सोसवला, एवढंच सांगते.

रोझरी उशीखाली आहे तर राहू दे. काढावीशी वाटली तर कपाटात, हाताला लागेल अशी ठेव. पुन्हा ट्रंकेच्या तळाशी घालायची गरज नाही.

आणि जागरणाला बाहेरच्या अग्नीवरून मोठी मेणबत्ती पेटवून अंधाऱ्या चर्चमध्ये आणतात, मग एकाची मेणबत्ती दुसऱ्याने पेटवत ज्योत बाकाबाकांवरून मागे येते. तुझ्यापर्यंत येईल तेव्हा तू आईच्या शेजारी असशील. तिच्यावरून पेटव. मेण बोटांवर गळतं, म्हणून खाली पुठ्ठ्याची चकती लावून घे, आणि तिचीही बघ लावलेली आहे का.

तुझी,
ताई